फेब्रुवारीत विमान घेऊन तंबूत राहायला जावं का?

प्रश्नकर्ते बॉस्टनजवळ राहतात. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांना प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं, साधारण ऐंशी तास झालेत, क्लबचं सेसना 172 चालवतात. क्लबातली जुनी मंडळी त्यांना 'उन्हाळी पायलट' म्हणून चिडवतात. आता त्याच मंडळींनी प्रेसिडेंट्स डेच्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारच्या, जोडसुट्टीचा बेत आखलाय: न्यू हॅम्पशरमध्ये ऑल्टन बेच्या गोठलेल्या तळ्यावर विमानं उतरवायची, रात्री विमानाशेजारी तंबू ठोकायचे, दुसऱ्या दिवशी परत. बायको आणि नऊ वर्षांचा मुलगाही यायला तयार आहेत. ते विचारतात, "ही माणसं माझी चेष्टा करतायत की खरंच असं करतात? आणि मी जावं का?"

चेष्टाही करतायत आणि खरंच करतातही. जावं का, याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येणार नाही, कारण तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक अडकलेत: थंडीत उडणं, बर्फावर उतरणं आणि विमान रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी निघणं. पहिलं तुम्ही समजता त्यापेक्षा सोपं आहे. दुसरं शिकण्यासारखं आहे आणि शिकवणारे आहेत. तिसऱ्याबद्दल गप्पांमध्ये कुणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे. मी न्यू हॅम्पशरमध्ये फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे, लहान विमानंच शिकवतो. पुढचं सगळं त्या अनुभवातून लिहितोय. तुमचं विमान, तुमचा क्लब आणि तुमच्या इन्शुरन्सच्या अटी वेगळ्या असतील, तेव्हा त्या बेतानं घ्या.

आधी गप्पांबद्दल. थंडी पडली की प्रत्येक छोट्या विमानतळावर कॉफीच्या यंत्रापाशी हा कार्यक्रम सुरू होतो. एक जण सांगतो, उणे वीसला माझं इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. दुसरा म्हणतो, उणे वीसला आम्ही खिडकी उघडी ठेवून उडतो. तिसरा सांगतो, तंबूत शिरलो तेव्हा पायलट होतो, बाहेर आलो तेव्हा कुल्फी झालो होतो. फ्लोरिडाला राहायला गेलेला एखादा जुना मेंबर चड्डी-चपलांतला फोटो पाठवतो, आणि मग इतका वेळ आपसात भांडणारे सगळे एक होऊन त्याच्यावर तुटून पडतात. मला ही थट्टा मनापासून आवडते. हिवाळ्यात विमानतळ जिवंत राहतात ते यामुळेच. पण गप्पांत झालेल्या ट्रिपा येतात, रद्द केलेल्या येत नाहीत. कुणी अशी फुशारकी मारली की मी एवढंच विचारतो, "विमान रात्री कुठं होतं?" बहुतेक वेळा उत्तर येतं की हँगरमध्ये होतं, किंवा इंजिनाचा हीटर रात्रभर प्लगला लावलेला होता. मग उणे वीसचं काय कौतुक?

आता थंडीचं सरळ सांगतो. कोरडी, स्वच्छ थंडी विमानाला मानवते. उणे 15 अंश तापमान आणि समुद्रसपाटीपासून 500 फूट उंचीचा विमानतळ धरा. हवा इतकी दाट असते की विमानाच्या दृष्टीनं तुम्ही समुद्रसपाटीच्या जवळपास 3,000 फूट खाली असता. याच विमानतळावर ऑगस्टमध्ये 32 अंशाला तुम्ही उडालात तेव्हा ते 2,700 फुटांवर असल्यासारखं वागत होतं. त्यामुळे जानेवारीत 172 असं वर चढतं की नवीन पायलटला वाटतं, इंजिन कुणी बदललं की काय. थर्मल (तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत) नसतात, धुरकट हवा नसते, शंभर मैलांवरचा डोंगर दिसतो. हिवाळा हाच उडायचा खरा मोसम, असं जुनी मंडळी म्हणतात ते या दिवसांमुळे, आणि ते खोटं नाही.

वैर आहे ते पाण्याशी. उडताना हवेत दिसणारं पाणी नसेल तर शून्याखालीही पंखांवर बर्फ धरत नाही. ढग, पाऊस किंवा ओला हिमवर्षाव असला आणि तापमान शून्य ते उणे वीसच्या दरम्यान असलं, की मात्र धरतो. 172 ला असा बर्फ धरणाऱ्या हवेत उडायची परवानगी नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हा विषय चर्चेचा नाहीच: फ्रीझिंग लेव्हलच्या (जिथं तापमान शून्याला येतं त्या उंचीच्या) वर ढगात जायचं नाही, बस. व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडणाऱ्या, पायलटनं खरी धास्ती घ्यावी ती फ्रीझिंग रेनची. वर उबदार हवेचा थर, खाली गार थर; वरून पडणारा पाऊस गार थरात गोठायच्या बेतात असतो आणि विमानाला लागताच काचेसारखा चिकटतो. यात ढगात शिरावंही लागत नाही. जमिनीवर बर्फाचे बारीक खडे टपटप पडत असतील किंवा मेटारमध्ये (विमानतळाच्या ताज्या हवामान-नोंदीत) आइस पेलेट्स दिसत असतील, तर वर कुठंतरी फ्रीझिंग रेन आहे असंच समजायचं आणि त्या दिवशी कॉफीच प्यायची.

हिमाच्या सरींचंही तसंच आहे. दहा मैलांची दृश्यता पाच मिनिटांत एका मैलावर येते, आणि खाली सगळं पांढरं असलं की क्षितिज कुठं संपलं हे कळत नाही. तुमच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं बघून उडायची परवानगी) नाही असं गृहीत धरतो. तेव्हा सर दिसली की तिच्याखालून जायचा विचार सोडा. वळा, आणि वेळेत वळा.

न्यू हॅम्पशरला जाताय म्हणून डोंगराबद्दलही सांगतो. माउंट वॉशिंग्टन आहे 6,288 फुटांचा, पण त्याच्या वेधशाळेत 12 एप्रिल 1934 ला ताशी 231 मैलांचा वारा मोजला गेला होता. तुम्ही तिथवर जाणार नाही. ऑल्टन बे विनिपसाकी तळ्याच्या दक्षिण टोकाला आहे, डोंगर त्याच्या उत्तरेला. पण कोल्ड फ्रंट गेल्यावर वायव्येचा वारा सुटतो तेव्हा डोंगराच्या या बाजूला हवा खवळलेली असते. शिखरांच्या उंचीवर 25 नॉटच्या वर वारा असेल तर मी विद्यार्थ्याला घेऊन तिकडे फिरकत नाही. दुसरं म्हणजे कडक थंडीत उंची दाखवणारा अल्टिमीटर लबाडी करतो. हवा त्यानं गृहीत धरलेल्या स्टँडर्ड तापमानापेक्षा 30 अंशांनी गार असेल, तर विमानतळापासून 5,000 फूट उंचीवर आहोत असं तो दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात तुम्ही 600 फूट खाली असू शकता. डोंगरावरून जाताना ठेवलेलं अंतर असं परस्पर कमी होतं.

आता ऑल्टन बे. अमेरिकेच्या सलग 48 राज्यांत एफएएनं (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानं) मान्यता दिलेली ही एकमेव बर्फाची धावपट्टी. उन्हाळ्यात तिथं सीप्लेन उतरतात, हिवाळ्यात राज्याचं परिवहन खातं स्थानिक लोकांच्या मदतीनं बर्फ साफ करून धावपट्टी आखतं. बर्फ किमान 12 इंच जाड झाल्याशिवाय ती उघडत नाही, आणि काही हिवाळ्यांत उघडतच नाही. म्हणजे तुमचा बेत त्या वर्षीच्या बर्फावर टांगलेला आहे. निघण्याआधी नोटॅम (पायलटांसाठीच्या ताज्या सूचना) बघणं आलंच. त्याच्याही आधी क्लबचे नियम आणि इन्शुरन्सचे कागद काढा. भाड्याच्या आणि क्लबच्या पुष्कळ विमानांना बर्फाची धावपट्टी चालत नाही. तसं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

परवानगी असेल तर पहिल्यांदा माहितगार इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून जा. उतरणं तसं अवघड नाही. उतरल्यावर विमान थांबवणं हा नवीन धडा आहे. ब्रेक आहेत हे विसरायचं. वेग नेमका ठेवून सुरुवातीलाच टेकायचं आणि विमान आपोआप मंदावू द्यायचं. बर्फावर आडवा वारा आला की विमान नाक वाऱ्याकडे करून सरळ बाजूला घसरत जातं, म्हणून डांबरावर तुम्ही जेवढा आडवा वारा घेता त्याच्या निम्माही तिथं घेऊ नका. टेक-ऑफआधीचा रन-अप, म्हणजे इंजिनाची चाचणी, तीही जपून करायचा. 1,700 आरपीएमला चाकं घट्ट धरलेली असूनही विमान शांतपणे पुढे सरकायला लागतं आणि आत बसलेल्याला ते कळत नाही, कारण तो गेजकडे बघत असतो. आणि मुलाला घेऊन जाल तेव्हा माझा एक नियम घरातल्या नियमासारखा पाळा: प्रॉपेलर पूर्ण थांबल्याशिवाय कुणीही दार उघडायचं नाही. निसरड्या बर्फावर पाय घसरलेला माणूस कुठं जाऊन पडेल हे त्याच्या हातात नसतं.

उडताना केबिनचा हीटर चालूच असणार. 172 मध्ये तो पुढच्याचा उजवा पाय भाजतो, डावा गोठवतो आणि मागे बसलेल्यांना आठवणीपुरता पोचतो, ते ठीक. पण ती ऊब एक्झॉस्टच्या मफलरभोवतीच्या कवचातून येते. मफलरला तडा असला की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्याला रंग नाही, वास नाही. फक्त डोकं दुखतं आणि झोप येते, आणि हिवाळ्यात मागे मुलगा पेंगला तर कुणाला शंका येणार? पॅनेलवर चिकटवलेल्या, या वायूनं रंग बदलणाऱ्या कागदी ठिपक्यावर विसंबू नका. आवाज करणारा डिजिटल डिटेक्टर घ्या.

आता मुख्य मुद्दा, रात्रीचा. तुम्ही गरम विमानातून उतरता आणि सकाळी गार विमानात बसता. या दोन्हींच्या मधली रात्र या बेताचं भवितव्य ठरवते.

आमच्याकडे हिवाळ्यात हवामान साधारण एका चक्रात चालतं. कोल्ड फ्रंट गेल्यावर पहिला दिवस वाऱ्याचा, डोंगराकडे हिमाच्या सरी. मग उच्च दाबाचा पट्टा डोक्यावर येतो: आकाश निरभ्र, वारा पडलेला, चांदणं असं की पुस्तक वाचावं. पट्टा पुढे सरकला की दक्षिणेकडून दमट हवा आणि मागोमाग पुढच्या वॉर्म फ्रंटचे ढग. तुम्ही कॅम्पिंगला निवडणार तो मधला दिवस, साहजिकच. आणि तीच रात्र पंखांसाठी सगळ्यात वाईट. निरभ्र, निवांत रात्री पंखाचा वरचा पत्रा आपली उष्णता थेट आकाशात फेकतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. हवा शून्याच्या किंचित वर असली तरी त्याच्यावर दव गोठतं, म्हणजे फ्रॉस्ट धरतं. तंबूसाठी उत्तम रात्र म्हणजे विमानासाठी खराब रात्र, हे समीकरण गप्पांत कधी ऐकू येत नाही. वर सकाळी तुम्ही साफसफाईत दोन तास घालवलेत की तिकडे दक्षिणेकडून ढग यायला लागलेले असतात.

"थोडं फ्रॉस्ट आहे, चालतं" असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालू नका, आणि त्याच्या विमानातही बसू नका. जाड्या पॉलिशपेपरइतका खरखरीत थर पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वर असला तरी लिफ्ट (पंखाची उचल) 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि ड्रॅग (हवेचा विरोध) 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. विमान जमीन सोडतं, पण दाट हवेचा जो फायदा तुम्ही धरून चालला होतात तो सगळा जातो, आणि स्टॉल (वेग कमी पडून पंखाची उचल तुटणं) नेहमीच्या वेगाला येत नाही, त्याहून जास्त वेगालाच येतो. त्यात 172 ची स्टॉलची शिट्टी पंखाच्या कडेवरच्या छोट्या भोकातून हवा ओढून वाजते. ते भोक बर्फानं बुजलेलं असेल तर ती गप्प राहते.

172 चा पंख डोक्याच्या वर असतो. खालून बघितलात तर स्वच्छच दिसतो. शिडीवर चढून, हातमोजा काढून, बोटं पुढून मागे फिरवल्याशिवाय खरं कळत नाही. डोळ्याला न दिसणारा खरखरीतपणा बोटांना लागतो. तंबूच्या जागी शिडी कुठून आणणार? म्हणून रात्रीच पंखांवर कव्हर घालायची आणि विमान असं उभं करायचं की सकाळचं पहिलं ऊन पंखांवर पडेल. उरलेलं फ्रॉस्ट मऊ झाडूनं किंवा पंखावरून दोन बाजूंनी दोर ओढून काढता येतं. गरम पाणी मात्र अजिबात नको. पाणी ओघळून एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या) बिजागऱ्यांत जातं आणि तिथं परत गोठतं. विंडशील्डला गाडीचा स्क्रेपर किंवा अल्कोहोलचा फवाराही नको. ते काच नाही, ॲक्रिलिक आहे, चरे पडतात आणि तडकतं.

इंजिनाचं दुखणं वेगळं. लायकॉमिंगच्या बहुतेक इंजिनांना उणे 12 अंशांखाली प्रीहीट (सुरू करण्याआधी गरम) करायला कंपनी सांगते, कॉन्टिनेंटल उणे 7 पासूनच. लोकांना वाटतं, तेल घट्ट होतं म्हणून. तेल तर होतंच, पण क्रँककेस ॲल्युमिनियमची आणि आतला क्रँकशाफ्ट पोलादाचा. ॲल्युमिनियम थंडीत जास्त आकसतं, म्हणजे बेअरिंगमधली जागा नेमकी तेव्हाच कमी होते जेव्हा तेल तिथं पोचायला सगळ्यात जास्त वेळ लावतं. अशा वेळी इंजिन एकदा सुरू झालं म्हणजे काही बिघडलं नाही असं नाही. त्या एका मिनिटात झालेली झीज पुढे इंजिन उघडेपर्यंत दिसत नाही. त्यात गार इंजिनाला प्राइम करकरून लोक पेट्रोलनं नाहून काढतात आणि आग लागते. तशी लागलीच, तर स्टार्टर सोडायचा नाही, इंजिन फिरवत ठेवायचं, ज्वाळा आत ओढल्या जातात.

अलास्कातले जुने बुश पायलट रात्री तेल काढून घेत आणि सकाळी शेगडीवर गरम करून परत ओतत. तुम्ही तसं करू नका, पण त्यांना प्रश्न काय आहे हे कळलं होतं. आजचा उपाय म्हणजे विजेचा प्लग, किंवा जनरेटर आणि हीटर. काउलिंगवर (इंजिनावरच्या झाकणावर) रजई घातली तर संध्याकाळपर्यंत ऊब टिकते, सकाळपर्यंत नाही. पेट्रोल भरलेला जनरेटर बायकामुलांसोबत केबिनमध्ये घेऊन उडणं मला पटत नाही. बॅटरीही थंडीत अर्धमेली होते, तेव्हा सकाळी तुम्हाला फार तर दोन-तीन प्रयत्न मिळतील.

आणखी एक जागा सहसा कुणी तपासत नाही: इंजिनाच्या ब्रीदरची नळी. क्रँककेसमधली वाफ तिथून बाहेर पडते आणि तोंडाशी गोठते. नळी बुजली की आत दाब वाढतो आणि पुढचं ऑइल सील उडू शकतं, मग तेल विंडशील्डवर. काउलिंगखाली वाकून तोंड मोकळं आहे ना बघा. पार्किंग ब्रेक लावून ठेवू नका. ओल्या ब्रेक-पट्ट्या रात्री चाकाला चिकटून बसतात. चाकांवरची फेअरिंग (आवरणं) हिवाळ्यापुरती काढून टाका, आत लगदा भरतो आणि गोठतो.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: शनिवारी दुपारी तिथवरचं उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचं आणि सुखाचं. रविवारी सकाळी शिडी, कव्हर, वीज आणि ऊन यांपैकी काय मिळतं त्यावर सगळं. आणि मंगळवारी ऑफिस. शनिवारी दुपारी निघताना टॅफ (विमानतळाचा हवामान-अंदाज) तुम्हाला फार तर रविवार दुपार-संध्याकाळपर्यंतचं दाखवतो. फेब्रुवारीच्या मध्याला तिथं सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा उशीर झालाच तर अंधार लगेच गाठतो. प्रवासी घेऊन रात्री उतरायला गेल्या 90 दिवसांत रात्रीची तीन पूर्ण लँडिंग लागतात; ती तुमची झालेली असण्याची शक्यता कमी वाटते.

तर माझं स्पष्ट मत. या फेब्रुवारीत दिवसाची ट्रिप करा. आधी एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर बर्फावर उतरून या. मग एखाद्या निरभ्र दिवशी घरच्यांना घेऊन जवळच्या लॅकोनियाला जा. तिथं जवळजवळ 5,900 फुटांची डांबरी धावपट्टी आहे. जेवा, तळं बघा, साडेतीनच्या आत परत निघा. मुलाला मजा येईल आणि बायकोचा तुमच्यावरचा विश्वासही शाबूत राहील, जो पुढच्या ट्रिपांना लागणार आहे. विमान उघड्यावर ठेवून रात्र काढायचा प्रयोग मुलाला घेऊन पहिल्याच हिवाळ्यात करू नका. ऐंशी तासांच्या पायलटला उडता येत नाही म्हणून सांगत नाहीये. गारठलेल्या हातांनी, वाट बघणारं कुटुंब समोर उभं असताना, "आज निघायचं नाही" हे म्हणायची सवय अजून झालेली नसते म्हणून.

रात्रीच राहायचं असेल, क्लबवाले पिच्छा सोडत नसतील, तर एक मार्ग आहे आणि तो मी स्वतः शिफारस म्हणून सांगतो. तळ्यावर दिवसा उतरा, पण रात्रीसाठी विमान बर्फावर ठेवू नका. ते पक्क्या विमानतळावर आणा आणि तिथल्या एफबीओला (पेट्रोल, हँगर अशा सोयी देणाऱ्या कंपनीला) आठवडाभर आधी फोन करून गरम हँगरमध्ये रात्रभराची जागा मागा. मिळाली तर फ्रॉस्ट, प्रीहीट, बॅटरी हे तिन्ही प्रश्न एका झटक्यात मिटतात. विमान उबेत झोपेल, तुम्ही तंबूत. त्यावरून क्लबात वर्षभर चिडवतील, चिडवू देत. तंबू ठोकण्याची जागा व्यवस्थापकाला विचारून, त्यांनी हो म्हटलं तरच. हँगर नाही मिळाला तर घरी परत.

दुसरं, तुमच्यातल्या एकाला गाडीनं येऊ द्या. बॉस्टनकडून लॅकोनिया गाडीनं साधारण दीड-दोन तास. तंबू, स्लीपिंग बॅगा, शेगडी, शिडी सगळं त्या गाडीत. 172 च्या बॅगेजची मर्यादा बहुतेक मॉडेलांत 120 पौंड आहे आणि तिघांचं हिवाळी सामान त्याच्या आत बसवताना तुमचं पेट्रोल कमी करावं लागेल, जे हिवाळ्यात कधीच करायचं नाही. हवा बिघडली तर घरी जायची सोयही तीच. विमानानं कॅम्पिंगला जाताना सगळ्यात उपयोगी वस्तू मोटारगाडी, हे जुन्या मंडळींना सांगून बघा. हसतील, पण एकही नाही म्हणणार नाही.

कपड्यांचं म्हणाल तर केबिनच्या तापमानाचे कपडे घालू नका. विमान कुठंतरी शेतात उतरवावं लागलं तर रात्र ज्यात काढता येईल ते घाला. पुण्या-नाशिकच्या गुलाबी थंडीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना इथली पहिली दोन वर्षं हा अंदाज येत नाही. अलास्कात तर विमानात तगून राहण्यापुरतं सामान ठेवायचा कायदाच आहे. क्लबच्या विमानातलं ईएलटी (अपघात झाल्यावर संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) 406 मेगाहर्ट्झचं आहे का तेही बघा. जुनी 121.5 वाली असतील तर उपग्रहांनी ती ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलंय. तसं असेल तर खिशात पीएलबी (तसंच, पण माणसाजवळ ठेवायचं छोटं यंत्र) ठेवा, बॅगेत नको. तंबूत शेगडी पेटवू नका, कितीही थंडी असली तरी. झोपायच्या आधी पोटभर खा. थर्मासमधला चहा आणि गरम पाणी घातलं की होणारं उपम्याचं पाकीट या बाबतीत कुठल्याही महागड्या ट्रेल-फूडपेक्षा बरं पडतं, हा माझा पक्षपात समजा.

आणि क्लबच्या कॅलेंडरवर विमान सोमवारपर्यंत नको, मंगळवार संध्याकाळपर्यंत अडवून ठेवा. विमान तिथं सोडून गाडीनं घरी यावं लागलं तर ते आणायला तुम्हालाच परत जायचंय, आणि पुढच्या मेंबरचा फोन यायला लागला की माणूस नको त्या हवेत निघतो. ट्रेझरर कुरकुर करेल. त्याला आधीच सांगून ठेवा.